कळते, पण वळत नाही

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातील शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, वसतिगृहे आणि खासगी शिकवण्यांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्याचा चारचौघांत पाणउतारा करू नये, अशा या सूचना आहेत. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील. त्याआधी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांमधील आत्महत्या रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदलही नेमले होते.

महाविद्यालयात समुपदेशकाची खोली असणे ही चांगलीच गोष्ट. पण त्या खोलीच्या दाराशी एक मोठा गट फार उशिरा पोहोचतो आणि पोहोचतो तेव्हा भलत्याच नावाने. दोन-तीन विषय राहिलेले, हजेरी डिफॉल्टर यादीत, जर्नल अर्धवट, घरी काही सांगितलेले नाही आणि झोप उडालेली. अशा विद्यार्थ्याच्या कागदावर ‘नैराश्य’ किंवा ‘परीक्षेची भीती’ असे लिहिले जाते. ते खोटे नसते. पण त्याच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जात नाही. त्यातल्या काहींच्या बाबतीत उत्तर असते एडीएचडी, म्हणजे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’. मराठीत त्याला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणता येईल.

हा लहान मुलांचा, त्यातही वर्गात बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलग्यांचा प्रकार, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले तर मुलांमध्ये याचे प्रमाण सुमारे पाच टक्के आणि प्रौढांमध्ये अडीच ते तीन टक्क्यांच्या आसपास दिसते. लहानपणी निदान झालेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश जणांत विशीनंतरही त्रासदायक लक्षणे काही प्रमाणात शिल्लक राहतात. उड्या मारणे थांबते. आतली अस्वस्थता, विसराळूपणा, कामाला हात न लागणे आणि लागला तर ते पुरे न होणे हे सगळे राहते. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात असे चाळीस-पन्नास जण असणे अगदी शक्य आहे. त्यांतल्या कितीजणांचे नाव संस्थेला ठाऊक असते, हे ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयात विचारून पाहावे.

आरंभशूर, धांदरट, वेंधळा

या मुलांसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. आरंभशूर, धांदरट, वेंधळा, धरसोड वृत्तीचा. मुलगी असेल तर ‘आपल्याच तंद्रीत असते’. प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षे एकच शेरा असतो, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’. हे सारे शब्द स्वभावाला नाव ठेवतात. विज्ञान मात्र गेली काही दशके वेगळे सांगत आहे.

एडीएचडीमध्ये बुद्धी कमी नसते आणि लक्षही कमी नसते. लक्षावर हवा तसा ताबा नसतो. एखादे काम ठरवणे, ते वेळेत सुरू करणे, मध्येच आलेला मोह बाजूला सारणे, डोक्यात दोन-तीन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणे आणि लांबच्या फायद्यासाठी आजचा कंटाळा सोसणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे आणि त्याच्याशी जोडलेल्या जाळ्यांकडे असतात. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने त्या जाळ्यांत निरोप पोहोचवतात. एडीएचडीमध्ये ही व्यवस्था वेगळ्या तऱ्हेने चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेऊन दाखवले, की मेंदूच्या बाह्यस्तराची परिपक्वता या मुलांत सरासरी तीन वर्षे मागे असते. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. जुळ्यांवरील अभ्यासांत तो ७० टक्क्यांच्या पुढे आढळतो. म्हणूनच मुलाच्या निदानाच्या वेळी ‘मीही असाच होतो’ असे वडील अनेकदा म्हणतात.

अशा विद्यार्थ्याला पंधरा दिवसांनी परीक्षा आहे, हे माहीत असते. ते जाणवत मात्र नाही. जाणवते ते आदल्या रात्री. तेव्हा भीतीच इंधन होते आणि एका रात्रीत अख्खा पोर्शन उरकला जातो. हे जमते म्हणून घरच्यांना वाटते, की मनात आणले तर सगळे करू शकतो. एखाद्या खेळात किंवा आवडत्या कोडिंगमध्ये तोच मुलगा चार तास मान वर करत नाही. मग ‘इथे बरे लक्ष लागते’ हा टोमणा येतो. पण तिथे लक्ष ओढून घेणारी गोष्ट समोर असते, लक्ष लावावे लागत नाही. फरक तिथे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी गेली कित्येक वर्षे हाच मुद्दा मांडला आहे. ही उणीव ज्ञानाची नाही, ज्ञान वेळेवर अमलात आणण्याची आहे. मराठीत याच्यासाठी तीन-चार शब्द आधीपासून तयार आहेत, कळते पण वळत नाही. फक्त ते दूषण म्हणून वापरले जातात, वर्णन म्हणून नाही.

बारावीपर्यंतचा आधार

मग हे सारे शाळेत का उघड होत नाही? काहींचे होते. पण ज्यांची बुद्धी चांगली आणि घर जागरूक, त्यांचे झाकले जाते. सकाळी उठवणारी आई असते. दप्तर, डबा, वही, तारखा तिच्या डोक्यात असतात. शाळेत रोज वही तपासली जाते. अकरावी-बारावीला शिकवणी लागते. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली जाणारी चाकोरी घेतली तर दिवसाचे जवळजवळ सगळे तास दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेले असतात, वर्ग, सराव चाचणी, चुकांची उजळणी, पुन्हा चाचणी. या चाकोरीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि तिचा ताण खराच आहे. पण एडीएचडी असलेल्या मुलाच्या मेंदूला जे जमत नाही, ते ही व्यवस्था बाहेरून करून देते. दूरचे ध्येय रोजच्या तुकड्यांत मोडते आणि प्रत्येक तुकड्यावर कोणीतरी लगेच ‘झाले का?’ विचारते.

बारावीचा निकाल लागतो आणि मुलगा पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात येतो. कॉट बेसिसवर खोली, मेसचे डबे, सकाळी उठवायला कोणी नाही. प्राध्यापक वही तपासत नाहीत. सत्र चार महिन्यांचे आणि हिशेब शेवटी. ७५ टक्के हजेरीचा नियम असतो, पण त्याची आठवण यादी लागल्यावर होते. आधाराची सारी काठी एका जूनमध्ये काढून घेतली जाते आणि ती होती हे कोणाच्या लक्षातच नसते. म्हणून पहिल्या सत्रात विषय राहिले, की निष्कर्ष निघतो, ‘शहराची हवा लागली’. मुलाचा स्वतःचा निष्कर्ष त्याहून वाईट असतो, ‘माझ्यातच काही कमी आहे’.

मुलींचे निदान आणखी उशिरा होते. त्यांच्यात अतिचंचलता कमी आणि अवधानाची अडचण जास्त दिसते. त्या वर्गात गडबड करत नाहीत, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. दुप्पट वेळ देऊन, रात्री जागून, मैत्रिणीच्या वह्या उतरवून त्या निभावून नेतात. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किंवा पदव्युत्तर शिक्षणात, जिथे प्रबंध स्वतःच्या जबाबदारीवर लिहायचा असतो, तिथे ही शिकस्त संपते.

अठराव्या वर्षी तुटणारा धागा

या जागी सरकारी व्यवस्थेतली एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी ज्या आरोग्य समस्यांची यादी आहे, तीत एडीएचडी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मात्र अपंगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे, पण एडीएचडीचे नाव नाही. म्हणजे मूल असेपर्यंत शासनाला ही अवस्था दिसते. मूल महाविद्यालयात गेले, की ती कागदावरून नाहीशी होते.

याचा व्यवहारातला परिणाम असा होतो. दहावी-बारावीला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्यांपैकी अनेकांना एडीएचडीही असते आणि ते अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राखाली झाकले जाते. ज्यांना फक्त एडीएचडी आहे, वाचन-लेखन उत्तम आहे, त्यांच्या हाती कोणताच कागद नसतो. प्रवेशातील पाच टक्के आरक्षण तर किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी बांधलेले आहे.

तरीही दार पूर्ण बंद नाही. याच कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या यादीपेक्षा व्यापक आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि समाजातील अडथळे मिळून इतरांच्या बरोबरीने सहभागी होणे कठीण होत असेल, तर ती व्यक्ती या व्याख्येत येते. अशा व्यक्तीला वाजवी सोयी मिळायला हव्यात, असेही कायदा म्हणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लिहिताना हाताला पेटके येण्याचा त्यांचा आजार यादीत नव्हता आणि म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने स्पष्ट केले, की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही. त्यानंतर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व आणि लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र नियमावलीही काढली. तिचा रोख लिहिण्याच्या अडचणीवर होता. एडीएचडी असलेल्याचा हात चालतो, दिवस हातात राहत नाही. त्या अडचणीला या नियमावलीत जागा नव्हती. पण निकालातले तत्त्व एडीएचडीलाही लागू पडावे असेच आहे आणि ते महाविद्यालयांच्या दालनात अजून पुरेसे पोहोचलेले नाही.

तीन तास की सोळा आठवडे?

इथे एक अवघड प्रश्न येतो. समजा, उद्या यादीत एडीएचडीचे नाव आले आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळाला, तर प्रश्न सुटेल का? संशोधन याला सरळ ‘हो’ म्हणत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांत जादा वेळ दिल्यावर एडीएचडी असलेले आणि नसलेले दोन्ही गट पुढे गेले. एडीएचडी असलेल्यांना त्याचा खास वेगळा लाभ दिसला नाही. काहींना जादा वेळेची खरी गरज असते, विशेषतः अध्ययन अक्षमताही असेल तर. शांत, कमी वर्दळीची खोली अनेकांना उपयोगी पडते. पण केवळ परीक्षेची सवलत हे एडीएचडीचे उत्तर नाही.

कारण हा विद्यार्थी बहुधा परीक्षेच्या तीन तासांत हरत नाही. तो त्याआधीच्या सोळा आठवड्यांत हरलेला असतो. न दिलेले सबमिशन, न भरलेला परीक्षा अर्ज, चुकलेली प्रॅक्टिकलची तुकडी, तिसऱ्या आठवड्यात सुटलेला धागा आणि मग लाजेने टाळलेले वर्ग, त्याचे गुण इथे जातात. एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांचा अमेरिकेत चार वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात पहिल्या गटाचा निकाल सरासरी अर्धी श्रेणी खाली राहिला. कोण तरेल हे सांगणाऱ्या गोष्टींत नियोजनाची क्षमता आणि नैराश्याची तीव्रता महत्त्वाच्या ठरल्या. आपल्याकडील सवलतींची चौकट अंध, अस्थिव्यंग आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांच्या गरजांवरून घडली. त्यांचा अडथळा उत्तरपत्रिकेवर असतो. एडीएचडीचा अडथळा दिनदर्शिकेवर असतो. तीच सवलत उचलून इकडे लावली तर कागद पुरा होईल, काम होणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या संदर्भात हे अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या रचनेचे पदवी अभ्यासक्रम आले. त्यात अंतर्गत मूल्यमापनावर भर आहे. वरवर पाहता एडीएचडी असलेल्यांना हे सोयीचे आहे. एका मोठ्या परीक्षेऐवजी छोट्या छोट्या पायऱ्या, ही त्यांची गरजच. पण मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य विषय, भाषा, सहशालेय उपक्रम अशा सात-आठ ठिकाणी वेगवेगळ्या तारखा, त्याही वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आणि आदल्या दिवशी बदललेल्या, असे झाले तर हीच रचना त्यांच्यासाठी सापळा होते. धोरण तेच, कार्यवाही कशी यावर एखाद्याचे वर्ष वाचते किंवा जाते.

दुसरीकडे, याच धोरणातली शैक्षणिक क्रेडिट बँक खरोखर उपयोगाची आहे. मिळवलेले क्रेडिट साधारणपणे सात वर्षांपर्यंत टिकतात. मध्येच थांबून पुन्हा येता येते. ज्याचा रस्ता सरळ नाही, त्याला पूर्वी ‘वर्ष गेले’ म्हणजे सगळेच गेले असे वाटे. आता तसे वाटण्याचे कारण नाही. पण हे त्याला विषय राहण्याआधी कोणीतरी सांगायला हवे.

गोळी काय करते, काय करत नाही

एडीएचडीचे निदान रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून होत नाही. प्रौढांत अवधानाच्या नऊपैकी किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी किमान पाच लक्षणे, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, घर, वर्ग, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी असावी लागतात. म्हणून तज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तके मागतात, आई-वडिलांशी बोलतात. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य, व्यसन यांमुळेही लक्ष उडते, ते आधी तपासले जाते. मोबाइलमुळे हल्ली सगळ्यांचेच लक्ष विस्कळीत झाले आहे हे खरे, पण गेल्या दोन वर्षांत सुरू झालेली विस्कळीतता म्हणजे एडीएचडी नव्हे. समाजमाध्यमांवरील एका मिनिटाच्या चित्रफितीवरून स्वतःचे निदान करणे धोक्याचे आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात तपासणी कमी खर्चात होऊ शकते आणि कुठे जावे हे न कळल्यास टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते.

निदान पक्के असेल तर औषधे उपयोगी पडतात, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध आहे. भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन वापरली जातात. स्वीडनमध्ये उच्च शिक्षणाच्या प्रवेश चाचणीला बसणाऱ्या एडीएचडी असलेल्यांचे, म्हणजे त्याच व्यक्तींचे, औषध सुरू असतानाचे आणि नसतानाचे गुण ताडून पाहिले गेले. औषध सुरू असताना ते थोडे जास्त होते. ‘थोडे’ हा शब्द महत्त्वाचा. गोळीने खुर्चीत बसणे सोपे होते, पण पुढ्यात कोणते पुस्तक घ्यायचे ते गोळी ठरवत नाही.

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात येते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. या नियमामुळे बरीच दुकाने ते ठेवतच नाहीत. लहान गावातून शहरात औषधासाठी यावे लागते आणि सुट्टीत घरी गेलेल्या मुलाचे औषध सुटते. नियंत्रण आवश्यकच आहे, कारण निदान नसलेल्यांनी ‘अभ्यासाची गोळी’ म्हणून ते घेण्याचे प्रकार जगभर आहेत. त्यांनी एक निष्कर्ष ध्यानात ठेवावा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना अशी औषधे देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. त्यांनी जास्त वेळ घेतला, जास्त खटपट केली, पण त्या खटपटीचा दर्जा घसरला. कष्ट वाढले, उत्तरे सुधारली नाहीत.

प्रमाणपत्राविना होण्यासारखे

औषधाच्या जोडीला ज्याचा उपयोग दिसतो, ते वागणूक व विचारांवर काम करणारे प्रशिक्षण. अमेरिकेतील काही विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे गट चालतात. तारखा कुठे लिहायच्या, काम तुकड्यांत कसे मोडायचे, ‘आता सगळेच गेले’ हा विचार कसा ओळखायचा, हे तिथे एका मार्गदर्शकाच्या साथीने शिकवले जाते. नियंत्रित चाचण्यांत त्याचा लाभ नोंदला गेला आहे. भारतातून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना तिथल्या अपंगत्व-सेवा कार्यालयात पाऊल ठेवल्यावर पहिल्यांदा कळते, की अशी मदत मागता येते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. तिथे १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा यांनी ही कार्यालये उभी केली.

आपल्याकडे लगेच शंका येते, की सोयी दिल्या तर खोटी प्रमाणपत्रे घेऊन रांग लागेल. अपंगत्वाच्या दाखल्यांवरून गाजलेली प्रकरणे पाहता ही शंका निराधार म्हणता येत नाही. पण एडीएचडीच्या बाबतीत एक दिलासा आहे. सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या बऱ्याच गोष्टींना प्रमाणपत्र लागतच नाही आणि त्यांचा गैरफायदा घेताच येत नाही. सगळ्या विषयांच्या तारखा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर मिळाल्या, तर कोण काय गैरफायदा घेणार? प्रकल्प शेवटी एकदम न मागता विषय, आराखडा, पहिला खर्डा अशा तीन टप्प्यांत मागितला, सूचना तोंडी न देता लिहूनही दिल्या, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊ लागताच यादी लावण्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात एक फोन केला, तर लाभ सर्वांनाच होईल. घरची पहिलीच पिढी महाविद्यालयात आलेल्यांना, नोकरी करून शिकणाऱ्यांना आणि ज्यांना एडीएचडी आहे हे कोणालाच, त्यांनाही, ठाऊक नाही अशांनाही. जादा वेळ, स्वतंत्र खोली, कमी विषयांचे सत्र यांसारख्या गोष्टी तेवढ्या तपासणी आणि दाखल्यावर ठेवता येतील.

नव्याने येणाऱ्या समुपदेशकाच्या कामाची आखणीही यावरून ठरावी. त्याने दार उघडून वाट पाहत बसायचे की परीक्षा विभागाशी आणि वर्गशिक्षकांशी बोलून ज्यांची सबमिशन सलग राहत आहेत त्यांना स्वतःहून बोलवायचे? एडीएचडी असलेला विद्यार्थी भेटीची वेळ विसरतो. त्याला भेटीची आठवण करणे हाही उपचाराचाच भाग आहे. हजार-दोन हजार विद्यार्थ्यांमागे एकच समुपदेशक असेल तर हे त्याला एकट्याने जमणार नाही. प्रत्येक विभागात एक शिक्षक आणि वरच्या वर्गातले दोन-चार विद्यार्थी सोबतीला लागतील.

घरच्यांसाठीही यात काही आहे. शहरात मुलाला सोडताना बादली, चादर आणि चार्जर यांच्या यादीत एक ओळ वाढवता येईल, आजवर घरी त्याच्यासाठी कोण काय आठवणीत ठेवत होते, याची. ती कामे आता कोण करणार? काही घड्याळाचा गजर करील, काही भिंतीवरचा कागद, काही खोलीतला मित्र, तर एखादे रविवारच्या दहा मिनिटांच्या फोनवर होईल. त्या फोनवर ‘अभ्यास चाललाय ना?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही, त्याचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. ‘या आठवड्यात काय काय द्यायचे आहे?’ हा कामाचा. विद्यार्थ्याने स्वतः करायचे तेही फार नाही. अभ्यास एकट्याने खोलीत न करता वाचनालयात किंवा कोणासोबत बसून करावा, मोठे काम वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत करावे, झोप मोडू नये आणि एक सबमिशन चुकले तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगावे. हा शेवटचा नियम सर्वात अवघड आहे. कारण तोवर लाज आड आलेली असते आणि वर्षे जातात ती बहुधा त्या लाजेपायी, आजारापायी नव्हे.

उपचार न झालेल्या एडीएचडीसोबत नैराश्य, व्यसने आणि आत्महत्येचा धोका वाढतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना आणि कृतिदल ज्या शेवटच्या टोकाला अडवू पाहत आहेत, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक इथून जाते. ही वाट लांबची आहे आणि तिच्यावर दोन वर्षे आधी दिसणाऱ्या खुणा आहेत. पहिले चुकलेले सबमिशन, पहिला राहिलेला विषय, वर्गातून हळूहळू नाहीसे होणे. कायद्याच्या यादीत एडीएचडीचे नाव यायला वेळ लागेल आणि त्याचा आग्रह धरायलाच हवा. पण सत्राच्या पहिल्या आठवड्यात तारखांचा एक कागद वाटायला आणि तिसऱ्या आठवड्यात एक फोन करायला कोणत्याही महाविद्यालयाला कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.